गाणी राहिली, बोलणे पुसले

(जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या संग्राहकांसमोर कोल्हापूर येथे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो ‘बाबूजींच्या दुर्मीळ ध्वनिमुद्रणांचा संग्रह’ असा. सुधीर फडके यांना बाबूजी म्हणण्याचा अधिकार त्यांच्या चाहत्यांनी स्वतःच घेतला आहे, मीही तो घेतो. पण माझा संग्रह मोठा आहे आणि म्हणून मला बोलावले, असा आपला समज असेल तर तो आधीच दूर करतो. या सभागृहात माझ्या चौपट तबकड्या घरी असलेली किमान तीन माणसे मला समोर दिसत आहेत. मी पत्रकार. माझ्याजवळ सांगण्यासारखे जे आहे, ते संग्रहापेक्षा संग्रह करताना केलेल्या चुकांचेच अधिक आहे.

बाबूजी आपल्या गावचे. २५ जुलै १९१९ रोजी कोल्हापुरात जन्मलेले रामचंद्र विनायक फडके. पंडित वामनराव पाध्ये यांच्याकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण येथेच झाले. पुढे दारिद्र्याने त्यांना गावोगाव हिंडवले, उत्तर हिंदुस्थानातून थेट कलकत्त्यापर्यंत नेले. ती कहाणी त्यांनी ‘जगाच्या पाठीवर’ या अपुऱ्या राहिलेल्या आत्मचरित्रात सांगितली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी आज रात्रीच हाती घ्यावी. मग १९४१ च्या सुमारास हिज मास्टर्स व्हॉइस, १९४६ मध्ये प्रभातचा ‘गोकुळ’ आणि तेथून पुढे जे घडले ते महाराष्ट्राला पाठ आहे. २९ जुलै २००२ रोजी ते गेले. त्याच्या काही महिने आधी, २००१ च्या अखेरीस, लोकवर्गणीतून उभा केलेला ‘वीर सावरकर’ हा चित्रपट त्यांनी पडद्यावर आणला होता.

आता मूळ विषय. संग्राहकाच्या दृष्टीने दुर्मीळ कशाला म्हणावे? तबकडी जुनी म्हणजे दुर्मीळ, अशी आपली एक ठोकळ समजूत असते. जुन्या बाजारात शेकड्याने मिळणाऱ्या, तीन-सव्वातीन मिनिटांच्या लाखेच्या तबकड्या जुन्या असतातच. परंतु त्यांच्या हजारो प्रती निघाल्या. एक फुटली तर दुसरी कुठेतरी सापडते. ज्याची प्रतच कधी निघाली नाही, ते खरे दुर्मीळ.

याचे सर्वांत ठळक उदाहरण गीतरामायणाचे आहे. १ एप्रिल १९५५, रामनवमीचा दिवस. सीताकांत लाड यांच्या कल्पनेतून, गदिमांच्या शब्दांतून आणि बाबूजींच्या स्वरांतून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून पहिले गीत ध्वनिक्षेपित झाले. आठवड्याला एक या क्रमाने वर्षभर ही गीते आली. त्या वर्षी अधिक मास होता, म्हणून संख्या बावन्नवर न थांबता छप्पनवर गेली. हे आपल्याला ठाऊक आहे. परंतु आपण घरी जे गीतरामायण ऐकतो, ते हे नव्हे! आपण ऐकतो ती पुढे हिज मास्टर्स व्हॉइसने काढलेली, सर्व पात्रांची गीते एकट्या बाबूजींनी गायिलेली ध्वनिमुद्रिका. आकाशवाणीवरच्या मूळ मालिकेत अनेक कंठ होते. माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, ललिताबाई फडके, मालती पांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर होते. ज्या पिढीने रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ही गीते ऐकली, तिच्या कानांत एक निराळेच गीतरामायण होते.

नभोवाणीच्या फिती महाग असत. जुन्या फितीवरच नवा कार्यक्रम मुद्रित करण्याची पद्धत जगभरच्या केंद्रांत होती. थोरामोठ्यांचे आवाज तिच्यापायी गेले. त्यामुळे मूळ मालिकेतील एखादे गीत एखाद्याच्या घरच्या फितीवर सापडते, तेव्हा ते ऐकताना बाबूजींची चाल आपण पहिल्यांदाच ऐकत आहोत असे वाटते. तीच चाल, पण स्त्रीच्या मनातले गीत स्त्रीच्या कंठातून आले की तिचा भार निराळ्या स्वरावर पडतो. या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ऐकल्या, तर संगीतकार म्हणून बाबूजींनी गायकागणिक काय राखले आणि काय सोडले, याचा जणू पाठच मिळतो. बाजारात मिळणाऱ्या एकट्या आवृत्तीवरून तो मिळणार नाही.

दुर्मीळाचा दुसरा प्रकार म्हणजे कधीच न छापलेली मैफल. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीच्या मुक्तीसाठी बाबूजी स्वतः सशस्त्र तुकडीत उतरले. २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. त्या कामाला पैसा हवा म्हणून त्यांनी पुण्यात लतादीदींच्या गाण्याचा कार्यक्रम घडवून आणला होता. ज्या कार्यक्रमाच्या तिकिटांतून एका मुक्तिसंग्रामाची शिदोरी बांधली गेली, तो कोणत्याही कंपनीच्या यादीत नाही. संगीताच्या इतिहासात त्याला जागा नाही म्हणावे, तर गाणारी लता मंगेशकर! आणि स्वातंत्र्याच्या इतिहासात नाही म्हणावे, तर त्यातून पुढे काय घडले ते समोर आहे. असे प्रसंग कुणाच्या तरी ट्रंकेत, हातबिलाच्या किंवा तिकिटाच्या अर्ध्या तुकड्याच्या रूपाने पडून असतात. तो तुकडाही संग्रहच आहे.

आता माझी गोष्ट. १९८८ साली मी महाविद्यालयात होतो. शेजारच्या वाड्यात एक निवृत्त शिक्षक राहत. सगळा गल्लीभर त्यांना गुरुजी म्हणत. त्यांनी सीमाभागातल्या एका गावी झालेला बाबूजींच्या गीतरामायणाचा कार्यक्रम पुढच्या रांगेत बसून आपल्या छोट्या टेपरेकॉर्डरवर मुद्रित केला होता. नव्वद मिनिटांच्या दोन कॅसेट. मी मागितल्या, त्यांनी दिल्या. देताना म्हणाले, “सगळं उतरवून घे रे, निवडत बसू नकोस.”

कोरी कॅसेट तेव्हा पंचवीस-तीस रुपयांना मिळे. माझ्याजवळ एकीचेच पैसे होते. मग मी मित्राचा दोन कप्प्यांचा टेपरेकॉर्डर आणला आणि रात्रभर बसून गाणी तेवढी उतरवून घेतली. गाणे संपले की बटण दाबून थांबायचे, बाबूजी बोलू लागले की थांबून राहायचे, पेटीचे सूर आले की पुन्हा बटण. तीन तासांचा कार्यक्रम मी नव्वद मिनिटांत बसवला आणि स्वतःवर फार खूश झालो. टाळ्या गेल्या, निरूपण गेले, वादकांना केलेल्या सूचना गेल्या, श्रोत्यांतून आलेल्या फर्माइशी गेल्या. मूळ कॅसेट मी प्रामाणिकपणे परत केल्या.

पुढे गुरुजी गेले. त्यांच्या मुलाने ते सगळे तळमजल्यावरच्या लोखंडी कपाटात जपून ठेवले होते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी त्या घरात छातीपर्यंत आले आणि चार-पाच दिवस राहिले. पाणी ओसरल्यावर मी गेलो तेव्हा अंगणात चिखलाने माखलेल्या वह्या आणि कॅसेटचा ढीग होता. फिती सोलून वाळवण्याचा प्रयत्न आम्ही केला. एकही वाजली नाही.

माझी कॅसेट वाजते. तिच्यावर गाणी आहेत. आणि तीच गाणी, तीच चाल, याहून कितीतरी स्वच्छ, प्रत्येक दुकानात वर्षानुवर्षे मिळत होती. जे कुठेच मिळत नव्हते ते मी बटण दाबून थांबवले. त्या रात्री बाबूजी दोन गाण्यांच्या मधल्या वेळात काय बोलले, यातले एक वाक्यही मला आज आठवत नाही, कारण मी ते ऐकतच नव्हतो. मी बटणावर बोट ठेवून पेटीची वाट पाहत होतो.

हे मी आपल्यासमोर मुद्दाम सांगतो आहे. ज्या गावात अल्लादिया खाँसाहेब शाहू छत्रपतींच्या पदरी राहिले, त्या गावाला तरी याची चाड अधिक असायला हवी. खाँसाहेबांची एकही तबकडी निघाली नाही. भास्करबुवा बखल्यांचीही नाही. जयपूर घराण्याचा तो मूळ कंठ आपल्याला केसरबाईंच्या, मोगूबाईंच्या गाण्यावरून ओळखावा लागतो. केसरबाईंनीही तबकड्या मोजक्याच दिल्या. पण त्यांतली भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अवकाशात गेली. जवळच्या कुरुंदवाडात १९२२ मध्ये निवर्तलेल्या रहिमत खाँसाहेबांचे जे थोडे गाणे तबकड्यांवर आहे, तेही उतारवयातले. आणि जे होते, तेही आपण सगळे राखू शकलो नाही. १९४८ च्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्मसात झाला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, त्यांच्याच नावाचे नाट्यगृह आगीत गेले. शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेली ती वास्तू होती. वास्तू पुन्हा बांधता येते, तसे काम हातीही घेतले गेले. फितीचे तसे नाही.

आता मासिकांविषयी. चाहत्यांनी काढलेली नियतकालिके हा प्रकार आपल्याकडे दुर्लक्षित आहे. कानपूरहून हरमंदिर सिंग ‘हमराज’ यांनी सत्तरच्या दशकापासून ‘लिसनर्स बुलेटिन’ चालवले. त्याच ध्यासातून ‘हिंदी फिल्म गीत कोश’ उभा राहिला. मुंबईत १९९० मध्ये तबकडी संग्राहकांची संस्था स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांचे सहकारी यांनी तिचे ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक चालवले. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने आपल्या देशातील पहिल्या ध्वनिमुद्रणांची सूची १९९४ मध्ये ग्रंथरूपाने दिली. हे काम परक्याने करावे, याची थोडी लाज वाटते आणि त्याने केले याबद्दल कृतज्ञताही वाटते. ही मंडळी तबकडीच्या मध्यावरच्या कागदाइतकेच लक्ष त्याच्या कडेला कोरलेल्या बारीक आकड्याकडे देतात. तो आकडा मुद्रणाचा क्रम सांगतो. कागदावरचे नाव चुकू शकते, आकडा सहसा चुकत नाही.

परंतु मराठी घरांत याहून जुनी एक परंपरा होती, ती वह्यांची. गीतरामायणाचे पुस्तक प्रकाशित झाले ते १९५७ मध्ये. तोवर लोक काय करत? रेडिओशेजारी वही घेऊन बसत. कुणी वृत्तपत्रात आलेले गीत कापून चिकटवत. माझ्या आईची अशी एक वही माझ्याजवळ आहे. तिच्या आईने सुरू केलेली, तिने पुरी केलेली. त्या वहीत काही शब्द चुकीचे ऐकलेले आहेत आणि पुढच्या प्रक्षेपणानंतर ते खोडून वर बरोबर शब्द लिहिलेले आहेत. एका ठिकाणी समासात पेन्सिलीने लिहिले आहे, ‘आवाज नीट आला नाही, पाऊस’. पुस्तक आल्यावर अशा हजारो वह्या रद्दीत गेल्या. मला विचाराल तर त्या वहीची किंमत छापील पहिल्या आवृत्तीपेक्षा कमी नाही, कारण गाणे ऐकले कसे गेले, हे तीच सांगते.

आम्ही चौघा मित्रांनी १९८९ मध्ये बाबूजींच्या गाण्यांविषयी एक सायक्लोस्टाइल पत्रिका काढली होती. तिचे नाव सांगत नाही, इतके ते बाळबोध होते. सात अंक निघाले. चित्रपट, वर्ष, कवी, तबकडीचा क्रमांक अशी माहिती आम्ही देत असू आणि ती बरीचशी चुकीची असे. निपाणी, बेळगाव, इचलकरंजीहून पोस्टकार्डे येत. एका गृहस्थांनी दोन पोस्टकार्डांवर मुंगीच्या अक्षरात आमच्या अकरा चुका दाखवल्या होत्या. अकराही खऱ्या निघाल्या. पुढच्या अंकात आम्ही त्या छापल्या आणि तोच अंक सर्वांत चांगला झाला. आज सातांपैकी तीन अंक माझ्याजवळ आहेत. ते पोस्टकार्ड नाही. अंक जपण्याची बुद्धी होती, पत्र जपण्याची नव्हती.

येथे आपल्या परिवारातील मंडळींसमोर एक नाजूक गोष्ट बोलतो. संघस्थानावरच्या गीतांना कवीचे नाव लावण्याची पद्धत नाही, चाल देणाऱ्याचे तर नाहीच. श्रेय घ्यायचे नाही, ही ती शिस्त आहे आणि मी ती मानतो. पण संग्राहकापुढे पेच उभा राहतो. जुन्या शिबिरांच्या, बौद्धिक वर्गांच्या, गीतस्पर्धांच्या फिती घराघरांत आहेत. त्यांवर ‘गीत’ एवढाच शब्द लिहिलेला असतो. गाणारा कोण, चाल कुणाची, वर्ष कोणते, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. बाबूजी स्वयंसेवक होते आणि संघाच्या व्यासपीठावरून गायिले आहेत. अशा एखाद्या अनाम फितीत त्यांचा आवाज असेल आणि आपण ती ‘शिबिर, जुने’ म्हणून ठेवून दिली असेल, तर त्यात निःस्पृहता कोणती? अनामिकता कार्यकर्त्याने स्वतःसाठी पाळावी. पुढच्या पिढीने ती त्याच्यावर लादू नये. गीताखाली जाहीर नाव नको असेल तर नको. पण डबीच्या आत एक चिठ्ठी असू द्या.

आता थोडी कडवट गोष्ट. संग्राहकांत एक रोग असतो, तो मलाही झाला होता. आपल्याजवळ आहे ते दुसऱ्याजवळ असू नये, असे वाटणे. एका वयोवृद्ध संग्राहकांकडे बाबूजींच्या खासगी बैठकीची एक फीत होती. मी तीन वेळा प्रत मागितली. ते हसून चहा पाजत आणि विषय बदलत. त्यांच्या पश्चात घरच्यांनी पुण्याला स्थलांतर केले आणि तो सारा ऐवज किलोच्या भावाने गेला. मी भंगारवाल्यापर्यंत पोहोचलो तेव्हा प्लॅस्टिक वेगळे, फीत वेगळी झाली होती. मला त्यांचा राग आला. मग आठवले की बेळगावच्या एका मुलाने माझ्याकडे त्या तीन अंकांच्या छायाप्रती मागितल्या होत्या आणि ‘सापडल्या की पाठवतो’ असे मी त्याला कळवले होते. त्या समोरच्या खणात होत्या. त्याला मी गेल्या महिन्यात पाठवल्या. मधे सव्वीस वर्षे गेली.

‘आता सगळे मोबाइलवर आहे, मग ही अडगळ कशाला?’ असे घरातली मुले विचारतात. त्यांचा प्रश्न चुकीचा नाही. यूट्यूबवर कितीतरी दुर्मीळ गोष्टी अनोळखी माणसांनी ठेवल्या आहेत आणि मी त्यांचा ऋणी आहे. पण तेथे गाण्याखाली बहुधा गायकाचे नाव आणि ‘दुर्मीळ’ हा शब्द, एवढेच असते. कुठले, केव्हाचे, साथीला कोण, मूळ फीत कुणाकडची, याचा पत्ता नाही. शिवाय वर चढवलेले एका तक्रारीसरशी खालीही उतरते. कायदाही ध्यानात घ्या. आपल्याकडे प्रकाशित ध्वनिमुद्रिकेवरचा हक्क साठ वर्षे चालतो. कवी आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षे. गदिमा १९७७ मध्ये गेले, बाबूजी २००२ मध्ये. हिशेब आपणच करा. जपणे वेगळे आणि विकणे वेगळे, ही सीमा संग्राहकाने ओलांडू नये.

मग करायचे काय? मी तंत्रज्ञ नाही, पण अनुभवाने कळलेले सांगतो. आपल्याकडचा पावसाळा कॅसेटचा शत्रू आहे. बुरशी आलेली फीत तशीच यंत्रात घातली तर फीत जाते आणि यंत्रही जाते. आधी जाणत्याकडून साफ करून घ्यावी. वर्षानुवर्षे न वाजवलेली फीत आवळून बसलेली असते, ती वाजवण्याआधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवावी. उतरवताना जशी आहे तशी उतरवावी. खरखर काढायची घाई करू नये, ती पुढे कधीही काढता येते. काढलेली परत घालता येत नाही. टाळ्या, खोकला, मागे कुणीतरी ‘अहो, खाली बसा’ म्हणते तेही राहू द्यावे. त्यावरूनच कळते की सभागृह केवढे होते, माणसे किती होती. आणि तळमजल्यावर काही ठेवू नये. कोल्हापूरकरांना हे २०१९ आणि २०२१ नंतर मी सांगायला नको.

त्याहून महत्त्वाची ती चिठ्ठी. फितीवर शाईने लिहू नका, डबीत कागद घाला. गाव, तारीख, निमित्त, मुद्रित करणाऱ्याचे नाव, साथीदार, आणि ही फीत आपल्याकडे कुणाकडून आली. तारीख आठवत नसेल तर ‘धाकटीच्या लग्नाच्या आदल्या वर्षी’ असे लिहा. घरातले कुणीतरी त्यावरून वर्ष काढील. मात्र अंदाजाने खोटी तारीख घालू नका. आमच्या पत्रिकेतल्या अशाच एका अंदाजाने ठोकलेल्या वर्षाचा उल्लेख पुढे मी एका छापील लेखात वाचला, तेव्हा घाम फुटला होता.

आणखी एक. ज्यांनी हे सारे प्रत्यक्ष ऐकले, ती माणसे अजून आपल्यात आहेत. १९५५ साली दहा वर्षांचे असलेले आज ऐंशीचे आहेत. त्यांच्यासमोर यंत्र ठेवा आणि त्यांना बोलू द्या. रेडिओ कुणाच्या घरी होता, तेथे कोण कोण जमत असे, आवाज खाली गेला की कोण उठून तार हलवत असे, हे सगळे. मध्ये थांबवू नका. बटणाला हात लावू नका.

आता चहा आहे. त्यानंतर बाजूच्या खोलीत दोन यंत्रे लावली आहेत, एक कॅसेटचे आणि एक मोठ्या फितीचे. ज्यांनी काही आणले असेल त्यांनी नाव नोंदवावे. उतरवून झाल्यावर मूळ वस्तू आजच परत मिळेल, पावतीसह. माझी १९८८ ची कॅसेट आणि पत्रिकेचे तीन अंक मी तेथे ठेवले आहेत. पहिला, चौथा आणि सहावा. उरलेले चार कुणाकडे असतील तर मला प्रत हवी आहे. आणि सीमाभागातल्या त्या कार्यक्रमाला पुढच्या रांगांत आणखी कुणी टेपरेकॉर्डर घेऊन बसले असेल, तर त्यांनी कृपया मला भेटावे. कार्यक्रम उघड्या मैदानावर होता. तिसऱ्या गाण्याच्या वेळी लांबून बैलगाडीच्या घुंगरांचा आवाज येतो. त्यावरून ओळखता येईल.